जांगू शिकायचाय? कोरियन ढोल घरच्या घरी कसा सुरू करायचा, अगदी शून्यापासून

लांब रिबिनीच्या टोप्या गरागरा फिरवत ढोल वाजवणाऱ्या कोरियन लोकांचे व्हिडिओ बघून बरेच जण वेडे होतात आणि मग प्रश्न पडतो की हे शिकायचं तर सुरुवात कुठून करायची, तर हा लेख त्यांच्यासाठी. तबला किंवा ढोलकी येत असेल तर छानच, नसेल येत तरी काही अडत नाही, उलट एकदोन बाबतींत कोऱ्या पाटीच्या माणसाचंच सोपं जातं, ते पुढे येईलच. एक गोष्ट मात्र आधीच सांगून टाकतो, काठ्या हातात घ्यायची घाई करू नका. हा ताल आधी तोंडात बसतो, मग श्वासात, आणि हातात सगळ्यात शेवटी येतो. क्रम उलटा केलात तर वर्षभर वाजवूनही नुसता खडखडाट ऐकू येईल, बोल बरोबर असतील पण त्यात डोलणं नसेल.

आधी मंडळींची ओळख

मुख्य वाद्यं चार. क्वेंगग्वारी ही हातात मावणारी काशाची छोटी थाळी, आवाज एवढा कडक की बंद खोलीत कान बधिर होतात. जिंग म्हणजे मोठं झांगट, कापड गुंडाळलेल्या दांड्यानं वाजवतात आणि त्याची आस बराच वेळ हवेत राहते. बुक हा पिंपासारखा ढोल, दोन्ही बाजूंना गाईचं कातडं. आणि जांगू, जो मध्ये बारीक आणि दोन्ही टोकांना रुंद असतो, दोन्ही बाजूंनी वाजतो आणि दोन्ही बाजूंचा आवाज वेगळा असतो. कोरियात यांची जोडी निसर्गाशी लावतात, क्वेंगग्वारी म्हणजे गडगडाट, जिंग म्हणजे वारा, जांगू पाऊस आणि बुक ढग. ऐकायला काव्य वाटतं पण प्रत्यक्ष वाजवायला लागलं की कळतं की हे चांगलं काम करतं, जांगूवाल्यानं पावसासारखं सलग टपटपत राहायचं असतं आणि बुकवाल्यानं मागून भरून यायचं असतं.

हे सगळं आलं गावातून. शेतकरी मिळून भाताची लावणी-निंदणी करायचे त्या सामूहिक कामाला दुरे म्हणतात, त्या कामाच्या वेळी, गावदेवतेच्या पूजेला, नवीन वर्षाला घरोघर फिरताना जे पथक वाजवत नाचत जायचं ते पुंगमुल, त्यालाच नोंगाक असंही नाव आहे आणि याच नावानं 2014 साली ते युनेस्कोच्या वारसा यादीत गेलं. दुसरीकडे नामसादांग नावाचे फिरते कलावंत होते, गावोगाव जाऊन वाजवणं, दोरीवरची कसरत, मुखवट्यांचा खेळ, बाहुल्या, काठीवर थाळ्या फिरवणं असं सगळं करणारे.

आणि सामुलनोरी हा शब्द जो सगळीकडे दिसतो तो प्रकार तसा अगदी अलीकडचा आहे. फेब्रुवारी 1978 मध्ये सोलच्या गोंगगान सारांग नावाच्या छोट्याशा थिएटरात किम योंग-बे, किम दक-सू आणि त्यांच्या साथीदारांनी गावच्या मोकळ्या मैदानातलं हे वादन चार वाद्यांवर आणलं, नाच काढून टाकला आणि खाली बसून वाजवलं. किम दक-सू स्वतः नामसादांग घराण्यातले, लहानपणी मोठ्यांच्या खांद्यावर उभं राहून नाचणारा पोरगा म्हणून सुरुवात केलेले. तेव्हा शहरात ही कला मागे पडत चालली होती, आणि या एका बदलानं ती थेट कॉन्सर्ट हॉलमध्ये पोचली. त्याच सुमारास कॉलेजच्या मुलांनी पुंगमुल उचललं ते वेगळ्याच कारणासाठी, 1980 च्या दशकातल्या लोकशाही आंदोलनांत मोर्च्याच्या पुढे ढोल असायचेच.

आपल्यासाठी याचा अर्थ एवढाच की बसून वाजवायची पद्धत आणि चालत-नाचत वाजवायची पद्धत अशा दोन वाटा आहेत. सुरुवात बसून करायची.

आणि चारपैकी जांगूपासून करायची. का? कारण दोन्ही हातांना काम आहे, सगळे बोल यातच आहेत, हे आलं की बुक सोपा होतो आणि जिंग कुठे मारायची ते आपोआप कळतं. क्वेंगग्वारी दिसायला सोपी वाटते पण ती पथकाच्या म्होरक्याची असते, आणि सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर तिची प्रॅक्टिस केलीत तर पहिल्या संध्याकाळीच सेक्रेटरी दारात.

(उच्चाराबद्दल, जांगूमधला ज हा "जेवण"मधला, "जहाज"मधला नाही.)

पायरी पहिली: वाद्य नसताना करायची गोष्ट

कोरियात तालवाद्याचे बोल तोंडानं म्हणतात, त्याला गुअम म्हणतात. तबलेवाल्यांना हे सांगायला नको, पण तबल्याइतके बोल इथे नाहीत, पाचावर भागतं.

दॉंग म्हणजे दोन्ही हात एकदम. कुंग म्हणजे फक्त डावा, खर्जाचा. दॉक म्हणजे फक्त उजवा, काठीचा टणक आवाज. गिदॉक म्हणजे उजव्याच काठीनं आधी एक हलका स्पर्श आणि लगेच त्याला चिकटून खरा आघात, "गि" जेमतेम ऐकू यायला हवा. आणि दॉरॉरॉरॉ म्हणजे उजवी काठी पानावर, म्हणजे ढोलाच्या कातड्यावर, सोडून द्यायची आणि तिला स्वतःच उड्या मारत थांबू द्यायचं. सामुलनोरीच्या क्लासमध्ये दॉकच्या जागी "ता" आणि कुंगच्या जागी "गुंग" म्हणतात, गोंधळून जाऊ नका, हात तेच आहेत.

आता हे म्हणताना एक गंमत बघा. "कुंग" म्हणताना पोटातून हवा बाहेर पडते आणि आवाज खाली बसतो, "दॉक" म्हणताना जीभ टाळ्याला लागून आवाज तुटतो. जसा आवाज तोंडात येतो तसाच तो पानावर यायला हवा, म्हणून सपाट आवाजात पुटपुटू नका. जोरात म्हणा, घरचे हसतील, हसू दे. "दॉंग" लांब आणि जड, "दॉक" छोटा, "दॉरॉरॉरॉ" घरंगळत जाणारा. निदान एक आठवडा हे एवढंच करायचं, बसमध्ये मनातल्या मनात, स्वयंपाक करताना मोठ्यानं. कंटाळा आला तर समजा की बरोबर चाललंय.

पायरी दुसरी: गणिताची वही काढा

15व्या शतकात राजा सेजोंगच्या काळात कोरियात चौकटींची स्वरलिपी तयार झाली, जोंगगानबो नाव तिचं, एक चौकट म्हणजे काळाचा एक तुकडा. ही आयडिया आपल्याला फार उपयोगाची आहे आणि त्यासाठी शाळेतली चौकटीची वही पुरते. दॉंगसाठी गोल आणि त्यातून उभी रेघ, कुंगसाठी नुसता गोल, दॉकसाठी उभी रेघ, गिदॉकसाठी आधी एक बारकी रेघ आणि मग मोठी, दॉरॉरॉरॉसाठी एकाखाली एक टिंबं. ही खरी चालणारी चिन्हं आहेत, कोरियन शाळेच्या पुस्तकात हीच दिसतील.

पहिला ताल सेमाची. नऊ चौकटी, तीन तीनचे तीन गट:

दॉंग – – । दॉंग – दॉक । कुंग दॉक –

"आरिरांग" हे लोकगीत कुठेतरी ऐकलं असेलच, त्याची सगळ्यात प्रसिद्ध चाल याच तालात म्हणतात. रेकॉर्डिंग लावा आणि त्यावर तोंडानं हे बोल म्हणा. नुसतं वाचून बोल डोक्यात राहत नाहीत, गाण्याबरोबर म्हटले की दोन दिवसांत पाठ होतात.

इथे तबला-ढोलकीवाल्यांनी जरा थांबायचंय. तीन तीनचा गट दिसला की हात आपोआप दादऱ्याकडे जातो, धा धी ना. पण दादऱ्यात प्रत्येक मात्रेवर काहीतरी वाजत असतं आणि तीनही मात्रा साधारण सारख्या वजनाच्या असतात, इथे गटातली पहिली चौकट जड असते आणि बाकीच्या दोन बऱ्याचदा रिकाम्या ठेवायच्या असतात. ती रिकामी जागा भरायचा मोह आवरा. मघाशी म्हटलं ना की कोऱ्या पाटीच्या माणसाचं सोपं जातं, ते यासाठी, त्याच्या बोटांना भरायची सवयच नसते.

पायरी तिसरी: श्वास

याला कोरियनमध्ये होहुप म्हणतात आणि कोणताही गुरू काठीच्या आधी यावर बोलतो. करायचं असं: मांडी घालून ताठ बसा, खांदे सैल. "दॉंग" म्हणताना श्वास सोडत अंग किंचित खाली सोडा, कंबर थोडी खचल्यासारखी होते, मग रिकाम्या चौकटींत श्वास घेत वर या. खाली, वर. झोपाळ्यावर बसलेला माणूस पायानं एक रेटा देतो आणि मग झोपाळा आपला आपण जाऊन परत येतो, पुढचा रेटा नेमका कधी द्यायचा ते त्याला मोजावं लागत नाही, हे अगदी तसं आहे. मेट्रोनोम लावू नका असं मी म्हणत नाही, पण तो दुसऱ्या महिन्यात लावा. आधी मेट्रोनोम लावला की माणूस श्वास धरून ठेवून टिकटिक पकडत बसतो आणि मग वर्षभर तो श्वास सुटत नाही.

ताल फास्ट झाला की प्रत्येक आघाताला श्वास शक्य नसतो, मग एका आवर्तनात, म्हणजे तालाच्या एका पूर्ण फेरीत, एकदा खाली एकदा वर असं मोठं करत जायचं. उभं राहून वाजवताना हेच काम गुडघे करतात, गुडघ्यामागची खोबण म्हणजे ओगुम, ती लवचिक ठेवायची आणि प्रत्येक ठेक्याला दबायची. पथक नाचताना सगळे एकसाथ वरखाली होतात ते दिसायला छान म्हणून नाही, त्यातूनच ताल एकत्र राहतो.

पायरी चौथी: बसणं आणि काठ्या धरणं

जांगू आडवा समोर ठेवायचा. डावीकडचं पान जाड, खर्जाचं, त्या बाजूला गुंगप्योन म्हणतात. उजवीकडचं पातळ, चढ्या आवाजाचं, ती चेप्योन. खोड पॉलोनियाच्या लाकडाचं असतं, त्याला तिकडे ओदोंग म्हणतात, फार हलकं लाकूड, म्हणूनच तर एवढा मोठा ढोल गळ्यात अडकवून लोक उड्या मारू शकतात.

हलका असल्यामुळे वाजवताना तो सरकतो, म्हणून मांडी घातलेल्या पायाच्या बोटांनी डाव्या बाजूची कड खालून हलकेच अडवून धरतात. आपल्याकडे वाद्याला पाय लागला तरी पटकन हात लावून नमस्कार करतो, त्यामुळे हे बघून पहिल्यांदा चर्र होतं! ज्यांना नकोच वाटतं त्यांनी खाली रबरी मॅट घ्यावी किंवा कडेला कापडाची गुंडाळी लावावी, काम होतं.

उजव्या हातातली काठी म्हणजे योलचे. बांबूची चपटी, सव्वा ते दीड फुटाची, टोकाकडे निमुळती होत गेलेली कामटी असते. अंगठा आणि पहिलं बोट यांच्यात धरायची, बाकीची तीन बोटं नुसती टेकलेली, आवळायची नाहीत. धरली आहे की नाही हे तपासायची सोपी युक्ती, काठी पानावर सोडा, ती तीनचार उड्या मारून थांबली तर पकड बरोबर, एकदाच आपटून गप्प झाली तर मूठ घट्ट आहे. दॉरॉरॉरॉ न येण्याचं कारण दहातल्या नऊ जणांचं हेच असतं, मनगट फिरवून फिरवून चार आघात मारायला जातात, ते मारायचे नसतातच.

आणखी एक, काठीचं नुसतं टोक नाही लागलं पाहिजे, तिचा बराचसा भाग पानावर आडवा पडला पाहिजे. त्यानं "चट्" असा भरीव आवाज येतो. टोक लागलं तर "टिक्".

डाव्या हातात गुंगचे, बांबूच्या मुळाची लवचिक दांडी आणि पुढे गोल लाकडी डोकं. हे सामुलनोरी आणि पुंगमुलमध्ये. गाण्याला साथ करताना किंवा दरबारी संगीतात डाव्या हातात काठी नसतेच, तळहातानं वाजवतात. माझं मत असं की पहिले दोन महिने डावा हात तळहातच ठेवा, कारण पानाचा खर्ज कुठे लागतो, किती दाबलं की आवाज मरतो, हे तळहाताला कळतं, काठीला नाही. तळहातही सपाट थोबाडीत मारल्यासारखा नको, बोटं एकत्र ठेवून पडू द्यायचा आणि लगेच उचलायचा.

साथीला वाजवताना योलचेही पानाच्या कडेवर, मोकळ्या मैदानात मात्र दोन्ही हात मध्यावर. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी काय करायचं ते वेगळं सांगायला नको.

जांगू अजून नसेल तर? उजव्या बाजूला पुठ्ठ्याचा खोका, डाव्या बाजूला घट्ट उशी, बुरुडाकडून एक कामटी तासून घ्या आणि काचेच्या कागदानं गुळगुळीत करा. हसण्यासारखं वाटेल पण दोन हातांतला आवाजाचा फरक कळण्यापुरतं हे पुरतं.

पायरी पाचवी: चार ताल, याच क्रमानं

सेमाची तोंडात बसलाच आहे, तो हातात घ्या. त्यानंतर गुतगॉरी. बारा चौकटी, तीन तीनचे चार गट:

दॉंग – गिदॉक । कुंग दॉरॉरॉरॉ । कुंग – गिदॉक । कुंग दॉरॉरॉरॉ

दॉरॉरॉरॉ ही कुंगनंतरची गटातली उरलेली जागा भरते. हा ताल मी सगळ्यात जास्त दिवस करायला सांगेन. संथ, डोलणारा, लोकगीतांना आणि नाचाला चालणारा, आणि सुटा दॉक सोडला तर बाकी चारही बोल यात आहेत त्यामुळे याच्यासारखा रियाज दुसरा नाही. आधी गिदॉक आणि दॉरॉरॉरॉ काढून नुसता सांगाडा वाजवा: दॉंग, कुंग, कुंग, कुंग, प्रत्येक गटाच्या पहिल्या चौकटीवर. डावा हात न चुकता चालायला लागला की मग त्यात गिदॉक घाला, ते बसले की शेवटी दॉरॉरॉरॉ. पहिल्या दॉंगवर श्वास पूर्ण सोडा आणि तिसऱ्या गटाच्या कुंगवर अंग वर आलेलं असू दे. सगळे कुंग एकसारखे वाजवू नका, तिसऱ्या गटातला थोडा हलका, आपल्याकडच्या तबल्यातल्या "खाली"सारखा, म्हणजे बिनवजनाच्या मात्रेसारखा, तिथून परत दॉंगकडे ओढ लागली पाहिजे.

गिदॉक इथे बहुतेकांचा लवकर येतो. म्हणजे "गि" गटाच्या तिसऱ्या चौकटीत यायच्या ऐवजी दुसरीतच शिरतो आणि सगळं लंगडायला लागतं. मोबाईलवर रेकॉर्ड करून अर्ध्या स्पीडनं ऐका, लगेच कळेल.

तिसरा जाजिनमोरी, गुतगॉरीसारख्याच बारा चौकटी पण चाल भरभर:

दॉंग – – । कुंग – – । कुंग – दॉक । कुंग – –

वाचायला सोपा, वाजवायलाही सोपा, आणि म्हणूनच लोक यात धावतात. सामुलनोरीमध्ये याच कुळातला सामचे येतो, दॉंग – – । दॉंग – – । दॉंग – ता । गुंग ता –, तो एकदा अंगात आला की हात थांबवावेसे वाटत नाहीत. हा वाजवताना तोंड बंद झालं की समजा की आता धावणार, म्हणून बोल म्हणतच वाजवा.

चौथा ह्विमोरी, आणि इथे एकदम तीन तीनचं राज्य संपतं, आठ चौकटी, दोन दोनचे गट:

दॉंग – । दॉक दॉक । कुंग दॉक । कुंग –

वेगात. शेवटाला येणारा ताल आहे हा, सगळं टिपेला गेल्यावर.

यातले शेवटचे तीन वेगवेगळे यायला लागले की खरी मजा सुरू होते ती एकाला एक जोडण्यात. गुतगॉरी आठ आवर्तनं, मग जाजिनमोरी आठ, मग ह्विमोरी. संथापासून वेगाकडे हीच दिशा कोरियन वादनात जवळपास सगळीकडे दिसते. जोडताना झटका बसता कामा नये, गुतगॉरीची शेवटची दोनतीन आवर्तनं हळूहळू चढवत न्यायची आणि मग जाजिनमोरीचा पहिला दॉंग जणू त्यातूनच आला असं वाटलं पाहिजे. हे एकट्यानं जमायला वेळ लागतो, दुसरा माणूस नुसत्या टाळ्या देत असेल तरी पटकन जमतं.

याच्या पुढे डोंगर आहे. गिल-गुनाक चिलचे नावाचा एक ताल आहे, ग्योंगगी-चुंगचोंग भागातल्या पथकांचा, त्यात तीन आणि दोनचे गट मिसळून एक आवर्तन 36 चौकटींचं होतं. नावातला आकडा आवर्तनात जिंग किती वेळा वाजते त्यावरून, चिल म्हणजे सात, असा मूळ हिशोब आहे, पण सगळ्याच तालांना तो आता लागू पडत नाही. पहिल्या वर्षात याच्या नादाला लागू नका, ऐका मात्र जरूर.

वाद्य घेताना आणि सांभाळताना

एकाच ओंडक्यातून कोरलेला जांगू महाग, तुकडे जोडून केलेला स्वस्त, प्लॅस्टिकच्या खोडाचे सरावासाठी अजून स्वस्त. शिकायला जोडलेला चालतो. खोडाला आतून चीर नाही ना, उजव्या पानाला कडेला बारीक भेग नाही ना, हे टॉर्च मारून बघा. दोन्ही पानांच्या लोखंडी कड्यांमधून दोरी नागमोडी गेलेली असते आणि तिच्यावर कातड्याचे छोटे त्रिकोणी पट्टे असतात, ते सरकवले की दोरी ताणते आणि आवाज चढतो. सगळे पट्टे थोडे थोडे सरकवत गोल फिरा, एकच पट्टा पूर्ण ओढून मग दुसऱ्याकडे जाऊ नका, पान तिरकं बसतं. वाजवून झालं की परत सैल करा. ढोल पथकात दोरी ताणलेल्यांना हे काम खेळ वाटेल, फक्त तेवढा जोर लावू नका, इथलं उजवं पान फार पातळ असतं.

कोकणात, मुंबईत किंवा पुण्यातसुद्धा जून ते सप्टेंबर हा जांगूचा शत्रू. पान ओलसर होऊन दॉकचा फटफटाट होतो. कापडी पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या टाकून उंचावर ठेवा, भिंतीला टेकवून नको. हलगी शेकतात तसा जांगू शेकायला जाऊ नका, हेअर ड्रायरही नको, पातळ पान आकसून फुटतं. पंख्याखाली तासभर ठेवलं तरी फरक पडतो. ऐन पावसाळ्यात सरळ तोंडानं आणि उशीवर रियाज करा, काही बिघडत नाही.

चौघं जमली तर

बुकवाल्याला एकच काठी. त्यानं जांगूची नक्कल करायची नाही, मोठे ठोके धरायचे. जिंगवाल्यानं आवर्तनाच्या पहिल्या आघातावर एकदा मारायचं आणि ती आस वाहू द्यायची, नवखा माणूस घाबरून लगेच हात लावून बंद करतो, तसं नको. चांगली जिंग आणि क्वेंगग्वारी ठोकून घडवलेल्या काशाची असते, तांबं 78 आणि कथील 22 असं प्रमाण, बांगज्जा म्हणतात त्याला, आणि ओतीव थाळीपेक्षा तिच्या आवाजाला जी थरथर असते ती पहिल्या आघाताला ओळखू येते. क्वेंगग्वारी धरणारा डाव्या हाताची बोटं थाळीच्या आतल्या बाजूला लावून आवाज दाबतो-सोडतो, सगळं कौशल्य त्या बोटांत असतं, उजव्या हातात नाही. त्या माणसाला सांगस्वे म्हणतात आणि कधी ताल बदलायचा, कधी चढवायचा, कधी थांबायचं हे तोच ठरवतो, त्यामुळे वाजवताना स्वतःच्या हाताकडे बघू नका, त्याच्याकडे बघा. चालत्या पथकात याशिवाय सोगो हे छोटं हातढोलकं आणि तेप्योंगसो येतात, हे दुसरं ऐकून सनईची आठवण होणारच कारण ती सनईचीच दूरची बहीण आहे.

आणि गप्प राहून वाजवू नका. मध्येच "ओल्सु!", "जोथा!" असं ओरडायचं असतं, आपण मैफलीत वाहवा म्हणतो तसं, फक्त इथे वाजवणारेही म्हणतात. पान्सोरी नावाच्या कथागायनात तर एक गायक आणि एक बुकवाला एवढेच असतात, तो बुकवाला वाजवता वाजवता गायकाला असे हुंकार देत तासन्तास चढवत नेतो, आणि तिकडे म्हणतातच की पहिला मान ढोलवाल्याचा, दुसरा गायकाचा. तबलजींनी हे वाक्य फ्रेम करून लावायला हरकत नाही.

शिकायला आणि बघायला कुठे

भारतात पहिली चौकशी दिल्लीच्या कोरियन कल्चरल सेंटरमध्ये करा, चेन्नईत इन्को सेंटर आहे, तिथे कोरियन कलेचे कार्यक्रम आणि वर्कशॉप होत असतात. पुण्याच्या आसपास रांजणगाव, तळेगावकडे कोरियन कंपन्या आहेत आणि कोरियन कुटुंबंही राहतात, त्यांच्या सणावाराच्या कार्यक्रमांना ओळखीतून जाता आलं तर जा, कुणीतरी शाळा-कॉलेजात जांगू वाजवलेलं भेटण्याची शक्यता बरीच असते.

ऑनलाइन शोधताना इंग्रजीऐवजी हंगुलमध्ये, म्हणजे कोरियन लिपीत, टाईप करा, शंभरपट व्हिडिओ येतात. भाषा कळली नाही तरी बोल कळतात, कारण तुम्ही आठवडाभर तेच म्हणत होतात. फक्त समोरून शूट केलेल्या व्हिडिओत वाजवणाऱ्याचा डावा हात तुमच्या उजवीकडे दिसतो, तेव्हा मिरर केलेला किंवा पाठीमागून घेतलेला व्हिडिओ शोधा नाहीतर योलचे डाव्या हातात धरून बसाल. ऐकायला सुरुवात "सामदो सोलजांगगो गाराक" या प्रकारापासून करा, त्यात बसून नुसते जांगूच वाजतात, त्यामुळे कोणता आवाज कशाचा हा प्रश्नच येत नाही.

कोरियाला जाणं झालंच तर सोलमधलं नॅशनल गुगाक सेंटर आहेच, योंगिनच्या फोक व्हिलेजमध्ये नोंगाकचे खेळ होतात, आणि आनसोंग हे नामसादांगचं गाव, तिथे शरद ऋतूत बाउदोगी महोत्सव भरतो. बाउदोगी ही 19व्या शतकातली त्यांच्या फडाची बाई म्होरकी, पुरुषांच्या फडाची. गावचं पथक बघायचं असेल तर इमसिलजवळच्या पिलबोंगचं नोंगाक बघा, तिथे प्रेक्षक म्हणून कडेला उभे राहिलात तर थोड्या वेळानं कोणीतरी हात धरून रिंगणात ओढतंच, तेव्हा बूट चांगले घालून जा आणि गुडघे सैल ठेवा.

उभं राहून, जांगू कापडी पट्ट्यानं खांद्याला आणि कमरेला बांधून वाजवणं हा पुढचा टप्पा, पण तो व्हिडिओ बघून करू नका. पट्टा कुठून कसा घ्यायचा हे एकदा कोणाकडून तरी अंगावर बांधून घ्यावंच लागतं, सैल राहिला तर ढोल मांडीवर आपटत राहतो आणि घट्ट झाला तर श्वासच घेता येत नाही.